गोठ्यातील दिवसांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात खानापूरकडील एका घरी आम्ही गेलो असता घरची माऊली गोठ्याच्या दारात खिन्न होऊन बसलेली दिसली. विचारपूस करता ती म्हणाली, "फादर, आठ महिने म्हैस गाभण समजून आम्ही तिला पेंड चारली, दूधही आटवले. काल डॉक्टरांनी तपासले, तर पोटात काहीच नाही!" त्या म्हशीच्या दुधावर दोन मुलांच्या शाळेचा खर्च चालावयाचा होता. घरच्यांनी कष्टांत कसूर केली नव्हती. परंतु रेतन करून आणल्यावर तिची पुन्हा तपासणी झाली नाही, आणि रेतनाची तारीखही कोणी लिहून ठेवली नव्हती.

वाचकहो, जनावर विण्याचा प्रश्न बव्हंशी दिवस मोजण्याचा आहे. गाय सुमारे 280 दिवस गाभण असते, तर म्हैस सुमारे 310 दिवस. गाईने वर्षाला एक वासरू द्यावे अशी इच्छा असेल, तर व्याल्यापासून सुमारे 85 दिवसांत तिने गाभ धरला पाहिजे. म्हशीचे दोन वेतांतील अंतर तेरा-चौदा महिन्यांचे राहिले तरी समाधान मानावे. माजाची एक खेप हुकली, की पुढील खेपेपर्यंत सुमारे 21 दिवस जातात. आणि वैरण तर रोजच लागते.

म्हणून प्रथम माज ओळखावयास शिकावे. गाय हंबरते, अस्वस्थ होते, दुसऱ्या जनावरावर उडते, वारंवार लघवी करते, दूध कमी देते व तिच्या योनीतून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव लोंबतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा सोपा नियम आहे. म्हशीचे मात्र अवघड असते. उन्हाळ्यात तिचा माज पुष्कळदा मुका असतो; ती ओरडत नाही, उडतही नाही. अशा वेळी पहाटे व रात्री उशिरा गोठ्यात एक फेरी मारून बसल्या जागी स्राव पडला आहे काय, हे पाहावे. दुपारी तिला सावली आणि डुंबावयास पाणी द्यावे.

रेतन होताच भिंतीवरील दिनदर्शिकेवर चार खुणा कराव्यात. समजा, 1 जूनला रेतन झाले. 22 जूनच्या आसपास जनावर पुन्हा माजावर येते काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आल्यास ते उलटले असे समजावे. न आल्यासही निश्चिंत राहू नये, कारण मुका माज नजरेतून सुटतो. ऑगस्टअखेर, म्हणजे तीन महिन्यांनी, पशुवैद्याकडून गर्भतपासणी करून घ्यावी. ही दुसरी खूण त्या माऊलीच्या घरी राहून गेली होती. तिसरी खूण दूध आटवण्याची, विण्यापूर्वी दोन महिन्यांची. गाईसाठी ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. चौथी विण्याची: गाईची 8 मार्चच्या, म्हशीची 7 एप्रिलच्या सुमारास.

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ सर्वांत झपाट्याने वाढतो. तेव्हा खुराक व खनिज मिश्रण यांत काटकसर नको. व्याल्यावर वासरास तासाभरात चीक पाजावा. वार बारा तासांत न पडल्यास ती ओढू नये, तिला वजनही बांधू नये, डॉक्टरांस बोलवावे.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगावयाची आहे. पाच महिन्यांनंतर जनावर गाभडले, तर 'दैव' म्हणून ते विसरू नये. त्यामागे ब्रुसेला हा संसर्गजन्य रोग असू शकतो, आणि तो माणसासही होतो. पुन्हा पुन्हा उलटणारा ताप व सांधेदुखी ही त्याची लक्षणे. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये. चुना टाकून खोल पुरावे, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नये, जनावर वेगळे बांधावे व दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व रेड्यांच्या बहिणींना, म्हणजे पारड्यांना, या रोगाची लस आयुष्यात एकदा टोचतात. 2019 पासून केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे.

त्या माऊलीने म्हैस व्यापाऱ्यास विकण्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडून दिला. पावसाळा सरल्यावर म्हैस माजावर आली. या वेळी थोरल्या मुलीने तांबड्या पेन्सिलीने दिनदर्शिकेवर चारही खुणा केल्या. आणि तिसऱ्या महिन्यातील तपासणीत म्हैस गाभण असल्याचे निश्चित झाले.