अकरावीचा पसंतीक्रम : नाक्यावरचे सल्ले आणि खरे नियम

दहावीचा निकाल लागला की परळ-लालबागच्या मंडळांचे गुणगौरवाचे फलक झळकतात, गिरगावच्या चाळींत पेढे वाटले जातात आणि पेढ्याच्या बदल्यात सल्ले मिळतात. ‘रुइया पहिलं टाकू नकोस, मग दुसरंही हातचं जाईल.’ ‘झेवियर्स आपल्यासाठी नाहीच.’ ‘आजच फॉर्म भर, जागा संपतात.’ सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले आणि २०२५ पासून तीच केंद्रीय पद्धत राज्यभर लागू झाली. सल्ले मात्र अजून कॉलेजच्या दारात रांग लावून फॉर्म विकत घेण्याच्या काळातले आहेत.

गैरसमज : मोठं कॉलेज पहिलं टाकलं आणि मिळालं नाही, तर दुसऱ्या कॉलेजातली संधीही जाते.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. यादी गुणांच्या क्रमाने लागते. जास्त गुणवाल्याचा फॉर्म आधी बघितला जातो आणि त्याच्या पसंतींपैकी जिथे जागा शिल्लक असेल असं सर्वांत वरचं कॉलेज त्याला मिळतं. मग पुढचा विद्यार्थी.

समजा, ९१ टक्के मिळालेल्या एका मुलीने सायन्ससाठी रुइया, रुपारेल, कीर्ती आणि महर्षी दयानंद असा क्रम दिला. तिची पाळी येईपर्यंत रुइया भरलेलं असेल, तर लगेच रुपारेल बघितलं जातं, तेही भरलं असेल तर कीर्ती. याच गटात ९० टक्के मिळालेल्या मुलाने रुपारेल पहिलं टाकलं म्हणून तो तिच्या पुढे जात नाही. कोणी कितव्या क्रमांकावर टाकलं याचे गुण कॉलेज देत नाही. म्हणजे रुइया पहिलं टाकून तिचं काहीच बिघडलं नाही. न टाकलं असतं आणि जागा निघाली असती, तर मात्र हळहळ तिच्याच वाट्याला आली असती.

गैरसमज : सेफ्टी म्हणून नक्की मिळेल असं कॉलेज पहिलं टाकावं, पुढच्या फेरीत चांगलं बघता येतं.

वस्तुस्थिती : नेमकं हेच करू नये. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं आणि शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या फेरीची वाट बघावी लागते. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचं मिळालं तर प्रवेश घ्यायचा की पुढच्या फेरीला थांबायचं, हे विद्यार्थ्याच्या हातात असतं. प्रवेश घेऊन नंतर रद्द केला तरीही नियमित फेऱ्या बंद होतात.

तेव्हा खात्रीचं कॉलेज यादीत हवंच, पण खाली. पसंती एकापासून दहापर्यंत देता येतात. त्यात वर मनातली, मध्ये गेल्या वर्षीच्या आकड्यांजवळची आणि शेवटी घराजवळची खात्रीची, अशी यादी करावी. दहाच्या दहा नावाजलेली कॉलेजं टाकून बसणं हाही उतावळेपणाच.

गैरसमज : कट-ऑफ कॉलेज ठरवतं.

वस्तुस्थिती : कट-ऑफ म्हणजे त्या फेरीत जागा मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे टक्के. तो आधी कोणी जाहीर करत नाही, यादी लागली की कळतो. शाखा, प्रवर्ग आणि फेरी बदलली की आकडा बदलतो. पोदारच्या कॉमर्सचा किंवा रुइयाच्या सायन्सचा खुल्या गटातला आकडा नव्वदीच्या पुढे असतो, हे वर्षानुवर्षांचं चित्र आहे. पण गेल्या वर्षीच्या आकड्याला अर्ध्या टक्क्याने कमी पडलो म्हणून ते नाव यादीतून काढून टाकायचं कारण नाही. तो आकडा अंदाजासाठी असतो.

गैरसमज : सहाही विषयांचे गुण धरतात. आयसीएसईवाले आपल्या जागा खातात.

वस्तुस्थिती : राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवरचे टक्के सर्वोत्तम पाच विषयांचे असतात. ९६, ९४, ९२, ९०, ८८ आणि ७१ असे गुण असतील, तर सहा विषयांचे ६०० पैकी ५३१, म्हणजे ८८.५ टक्के होतात. पण वरच्या पाचांची बेरीज ५०० पैकी ४६० भरते, म्हणजे ९२ टक्के.

या ‘बेस्ट फाइव्ह’मागे तीन वर्षांची न्यायालयीन लढाई आहे. २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना देणारा ९०:१० कोटा आला, तोही रद्द झाला. २०१० चा ‘बेस्ट फाइव्ह’ही उच्च न्यायालयाने रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आणि जागा खाण्याचं म्हणाल, तर अर्ज करणाऱ्यांत राज्य मंडळाची मुलं आजही प्रचंड बहुसंख्य आहेत.

गैरसमज : जो आधी फॉर्म भरेल त्याला आधी जागा.

वस्तुस्थिती : नियमित फेऱ्यांत पहिल्या दिवशी भरलेला आणि मुदतीच्या आत शेवटच्या दिवशी भरलेला फॉर्म सारखाच. घाईत चुकीचा प्रवर्ग निवडला तर नुकसान ठरलेलं. मात्र शेवटच्या रात्री संकेतस्थळ रडतं, म्हणून दोन दिवस हातात ठेवावे. जागांचंही भय नको. २०२५ मध्ये प्रवेश संपल्यावर राज्यात कित्येक लाख जागा रिकाम्या होत्या. चढाओढ मोजक्या कॉलेजांसाठी असते.

गैरसमज : अल्पसंख्याक कॉलेजात मराठी मुलांना दार बंद.

वस्तुस्थिती : झेवियर्स आणि विल्सन ख्रिस्ती अल्पसंख्याक, जयहिंद, के. सी. आणि एच. आर. सिंधी भाषिक अल्पसंख्याक, खालसा शीख अल्पसंख्याक संस्थांची. तिथे निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात. संस्थांतर्गत आणि व्यवस्थापन कोटा वगळून उरलेल्या जागा केंद्रीय फेऱ्यांतून गुणांवर भरतात. फरक आहे तो जातीनिहाय आरक्षणाचा. अशा संस्थांत ते लागू करण्याच्या २०२५ च्या सरकारी निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयाने १२ जून २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली. त्यामुळे राखीव प्रवर्गातल्या मुलांनी अशा कॉलेजांचा हिशोब खुल्या गटाच्या कट-ऑफवर करावा. रुइया, पोदार, रुपारेल, कीर्ती, महर्षी दयानंद ही अल्पसंख्याक कॉलेजं नाहीत.

गैरसमज : जातीचा दाखला असला की झालं.

वस्तुस्थिती : अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी यांना लागतं, आणि त्या दाखल्याला मुदत असते. दोन वर्षांपूर्वी दादाच्या प्रवेशासाठी काढलेला कागद कपाटातून बाहेर काढताना त्यावरचं नाव आणि तारीख दोन्ही बघा. सायन्सनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं असेल, तर जात पडताळणीचा अर्जही बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करून टाकावा.

गैरसमज : नाव एक, म्हणजे फी एक आणि शाखाही सगळ्या.

वस्तुस्थिती : रुइयात (स्थापना १९३७) कॉमर्स नाही. शेजारच्या पोदारमध्ये (१९४१) कॉमर्सच आहे. एकाच कॉलेजात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या असू शकतात. फॉर्ममध्ये त्या वेगवेगळ्या दिसतात आणि फीमध्ये मोठी तफावत असते. कॉलेजचं नाव टाकून थांबू नका, पुढचा रकाना वाचा.

गैरसमज : अकरावी कुठेही करा, खरा अभ्यास क्लासमध्येच.

वस्तुस्थिती : बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. शिवाय मुंबईत पदवीच्या पहिल्या वर्षाला त्याच कॉलेजच्या बारावीच्या मुलांना आधी प्रवेश मिळतो. म्हणजे आर्ट्स-कॉमर्सच्या मुलासाठी अकरावीचं कॉलेज हे बहुधा पाच वर्षांचं कॉलेज ठरतं. रोज लालबागहून चर्चगेटला जायचं की चालत दहा मिनिटांवर, याचा विचार म्हणूनच आत्ताच करायला हवा.

नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचा आणि सल्ला नंतर घ्या. फॉर्म लॉक करण्यापूर्वी मुलाला एकच प्रश्न विचारा : यातलं पहिलं कॉलेज उद्या मिळालं, तर आनंदाने जाशील ना? उत्तर ‘हो’ असेल तर क्रम बरोबर आहे. ‘बघू’ असेल, तर यादी पुन्हा मांडा.