ब्रोच
ब्रोच : वस्त्राची टोके अडकविण्यासाठी व शोभेसाठी वापरण्यात येणारा, पाठीमागे टाचणी असलेला अलंकार. प्राचीन यूरोपातील ‘फिब्यूला’ या बंधनीपासून तो विकसित झाला. भारतात त्याचा प्रसार मुख्यत्वे ब्रिटिश अमदानीत झाला. नऊवारी लुगड्याचा पदर सामान्यतः कमरेला खोचला जाई. त्यास टाचणीची गरज नव्हती. शहरी स्त्रियांत गोल पातळ रूढ झाल्यावर पदर खांद्यावर बसविण्यासाठी ब्रोच उपयोगी पडू लागला.

शुद्ध चांदी मऊ असल्याने तीत तांबे मिसळतात. ‘स्टर्लिंग’ चांदीत ९२·५ टक्के चांदी असते. खडे कोंदणात बसवून चांदीची कड त्यांवर दाबतात. अकीक, कार्नेलियन, ॲमेथिस्ट, पिरोजा इ. उपरत्ने यासाठी वापरतात.

ब्रोचचा घाट परका असला, तरी अकीक हा खडा दख्खनच्या भूमीत विपुल आढळतो. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा (१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचा भाग) बहुतांशी दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी खडकाने व्यापलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूंमुळे या खडकात पोकळ्या राहिल्या. त्यांत झिरपलेल्या पाण्यातील सिलिका थराथराने साचून अकीक तयार होतो. खडक झिजला, तरी कठीण अकीक टिकून राहतो. म्हणूनच ट्रॅपच्या प्रदेशातील शेतांत व नदीपात्रांत त्याचे गोटे सापडतात. पैठणहून असे खडे गाड्यांतून भडोच बंदराकडे जात, असा उल्लेख इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पुढे गुजरातेतील खंबायत हे अकीककामाचे प्रमुख केंद्र झाले. तेथे खडे तापवून त्यांचा तांबडा रंग खुलवितात.

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडाचा काळा थर चढतो. तो काढण्यासाठी चिंच वापरल्यास तिच्यातील अम्लामुळे पिरोजासारखे सच्छिद्र खडे खराब होतात, तर राखेने कोरीवकाम झिजते. मऊ कापडाने हलकेच पुसणे इष्ट. जुना ब्रोच मोडीत घालताना खड्यांचे वजन वजा करून केवळ चांदीचा भाव मिळतो. चांदी पुन्हा घडविता येते; पण कोंदणाची घडण, टाचणीची रचना व खड्यांचे पैलू यांतून मिळणारा कारागिरीचा आणि पेहरावाचा पुरावा मात्र आटणीत कायमचा नष्ट होतो.