जुने रिव्हॉल्वर, नवे काडतूस

काडतूस घरात नीट बसले म्हणजे ते उडवण्यास हरकत नाही, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. चपलेच्या बाबतीत तो चालून जाईल. रिव्हॉल्वरच्या बाबतीत तो हाताची बोटे घेऊन जाऊ शकतो. जुने रिव्हॉल्वर अधिक दाबाचे काडतूस सोसेल काय, हा प्रश्न मापाचा नसून पोलादाच्या ताकदीचा आहे.

प्रथम आत काय घडते ते पाहू. घोडा पडला की दारू क्षणार्धात जळून तिचा वायू होतो. हा वायू गोळीला पुढे, काडतुसाच्या पुंगळीला मागे आणि चक्रातील घराच्या भिंतीला बाहेर रेटतो. भिंत जेथे सर्वांत पातळ, तेथे धोका सर्वांत मोठा. चक्र जागेवर अडकावे म्हणून त्याच्या पाठीवर खाचा कोरतात. सहा घरांच्या अनेक रिव्हॉल्वरांत त्या नेमक्या घरांवरच येतात.

वेब्ली मार्क ६ या ब्रिटिश रिव्हॉल्वरचे उदाहरण बोलके आहे. १९१५ साली ते सैन्यात आले आणि तत्कालीन हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांच्या कमरेलाही ते दिसे. त्याच्या .४५५ काडतुसाचा दाब दर चौरस इंचास सुमारे १३,००० पौंड. दुसऱ्या महायुद्धानंतर ही शस्त्रे अमेरिकेत स्वस्तात विकली गेली, पण तेथे.४५५ काडतुसे दुर्मीळ होती. तेव्हा चक्राची मागची बाजू थोडी तासून, अर्धचंद्राकृती पट्ट्यांच्या साहाय्याने, अमेरिकन पिस्तुलाचे .४५ एसीपी काडतूस त्यात बसवण्यात आले. ते बसले खरे. परंतु त्याच्या दाबाची मर्यादा आहे २१,००० पौंड, म्हणजे दीडपटीहून अधिक! शिवाय हे रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडते; त्यामुळे मागचा धक्का त्याच्या बिजागरीला व खटक्यालाही सोसावा लागतो.

याउलट १९३५ साली .३५७ मॅग्नम काडतूस निघाले, तेव्हा पुरेशी सावधगिरी घेण्यात आली. .३८ स्पेशलची मर्यादा १७,००० पौंड, मॅग्नमची ३५,०००. म्हणून मॅग्नमची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवली, जेणेकरून ती .३८ च्या घरात शिरूच नये. मात्र पुढे आलेल्या '.३८ स्पेशल +पी' या काडतुसाची मर्यादा २०,००० पौंड असूनही लांबी जुनीच राहिली. येथे रक्षण करतो तो केवळ पुंगळीच्या बुडावरील शिक्का, आणि तो वाचणारा डोळा. १९५८ पूर्वीच्या मध्यम आकाराच्या रिव्हॉल्वरांत +पी वापरू नये, असे स्मिथ अँड वेसन ही कंपनीच सांगते.

"आम्ही पन्नास गोळ्या उडवल्या, काही झाले नाही," असे कोणी म्हणेल. पण धातूचा थकवा बाहेरून दिसत नाही. प्रत्येक जादा धक्क्याने सूक्ष्म तडा वाढत जातो, सांधे सैल होतात, आणि एक्कावन्नावी गोळी चक्र फोडून जाते. फुटलेल्या पोलादाचे तुकडे नेम धरणाऱ्याबरोबर शेजारी उभ्या असलेल्यालाही लागतात.

तात्पर्य, जुन्या रिव्हॉल्वरला त्याच्या काळचेच, त्याच्याच दाबाचे काडतूस द्यावे, तेही जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्यावर. शंका असेल तर ते न उडवता जतन करावे. इतिहासाचा साक्षीदार म्हणून त्याचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.