ब्रेबॉर्नवरच्या खुर्च्या

ऑरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या, बाकीचे सभासद सोडून गेल्यावर मागे उरलेल्या दोन विद्यापीठांनी पॅक-ट्वेल्व्ह या अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडागटाच्या खजिन्यावर सांगितलेल्या दाव्याची हकीकत आज द्यावयाची होती. परंतु आमच्या नामपूरच्याच एका वाचकांनी, दूरचित्रवाणीच्या कंत्राटापायी पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी सोडून जाण्याची ही रीत केवळ अमेरिकेचीच काय, असा प्रश्न केला आहे, आणि माझ्या आवडत्या विषयाची कळ दाबणारा प्रश्न बाजूस ठेवण्याइतका संयम माझ्यापाशी नाही.

मिळकतीपायी जुनी व्यवस्था मोडण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. क्रिकेटचे मुंबईतील तिरंगी सामने १९०७ साली सुरू झाले, १९१२ साली ते चौरंगी झाले, आणि धर्म व जमात यांवर संघ बांधण्याच्या त्या पद्धतीविषयी कोणी काहीही म्हणो, मैदानावर लोटणाऱ्या अलोट गर्दीमुळे जिमखान्यांच्या जमाखर्चात या सामन्यांच्या मिळकतीस फार मोठे स्थान प्राप्त झाले. पुढे १९३७ च्या डिसेंबरात क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरून सामने तेथे आले, आणि आजवर गौण असलेला प्रश्न एकाएकी ऐरणीवर आला: आठवडी बाजारात माल शेतकऱ्याचा असला तरी जागेची पट्टी ज्याची, त्याचा शब्द जसा वरचढ ठरतो, तद्वत खेळाडू जिमखान्यांचे असले तरी खुर्च्या क्लबाच्या, मग त्यांच्या वाटणीचा अखत्यार कोणाचा? आपल्या वाट्यास आलेल्या जागा अपुऱ्या आहेत अशी तक्रार करून हिंदूंनी त्या वर्षी सामन्यांतून अंग काढून घेतले. मौज अशी की, 'इतरां'चा पाचवा संघ त्याच वर्षी दाखल झाला होता. म्हणजे पंचरंगीच्या पहिल्याच वर्षी रंग मात्र चारच उरले.

ही स्पर्धा १९४६ साली बंद पडली, याचे श्रेय सामान्यतः धर्मावर बांधलेल्या संघांस १९४० साली गांधीजींनी नोंदविलेल्या विरोधास दिले जाते, व त्या तत्त्वाचे मोल मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. तथापि १९३४ पासून रणजी सामने भरविणाऱ्या प्रांतिक संघटनांस मुंबईची ती गर्दी खुपत होती, हेही विसरता कामा नये. तत्त्व आणि तिकीटविक्री एकाच दिशेस निघाली की जुनी व्यवस्था फार दिवस टिकत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

खुर्च्यांचा तंटा मात्र स्पर्धेबरोबर मिटला नाही. कसोटी सामन्यांच्या जागांवरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे इतके बिनसले की, शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियमच उभारले, आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना झालाही. क्लाइव्ह लॉइडने त्यात नाबाद २४२ धावा काढल्या.

अमेरिकेत खुर्चीची जागा प्रक्षेपणाने घेतली, एवढाच काय तो फरक. कोणत्या विद्यापीठाचा सामना किती वेळा दाखवावा हे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना ठरवीत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी तिला न्यायालयात खेचले, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो मक्ता बेकायदा ठरविला. विक्रीचा हक्क विद्यापीठांच्या व त्यांच्या गटांच्या हाती आल्यावर अधिक भाव मिळविणाऱ्या गटाकडे पाय वळणे ओघानेच आले. २०२२ साली बिग टेन या गटाने सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला, त्याच्या अवघ्या काही आठवडे आधी लॉस एंजलिसच्या दोन विद्यापीठांनी पॅक-ट्वेल्व्हला रामराम ठोकल्याचे जाहीर केले होते.

खजिन्याचा दावा, अर्थात, पुढील आठवड्यात.