ओझे हलत नाही, मग दंड का थकतो?

मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तेंदूपत्ता तोडतात. समजा, त्याचे ५ किलोंचे गाठोडे तुम्ही कोपर काटकोनात ठेवून तळहातावर नुसते धरले. विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य! तरी दंड भरून येतोच.

कोपर हा टेकू. ओझे त्यापासून सुमारे ३५ सेंमी, दंडाच्या स्नायूची जोडणी जेमतेम ५ सेंमीवर. म्हणजे स्नायूला सातपट जोर लावावा लागतो.

स्नायुतंतूंत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. ते आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, असे १९५४ साली मांडले गेले. मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात. दर फेरीला एटीपीचा रेणू खर्ची पडतो. गाठोडे स्थिर असले तरी ही धरसोड चालूच राहते आणि ऊर्जेची उष्णता होते. भिंतीतल्या खुंटीला हा खर्च नाही!