पुस्तकाविषयीं लिहावें कसें?

शालान्त परीक्षेच्या मराठी प्रश्नपत्रिकेंत ‘रसग्रहण करा’ असा एक प्रश्न असतो. त्याचें उत्तर मुलें बहुधा गाइडांतून पाठ करून येतात. भाषा ओघवती, कल्पना मनोहर, शैली प्रासादिक! हीं विशेषणें एका कवितेवरून उतरवून दुसरीवर चढवावीं. दोहींपैकीं एकीसहि त्याची वार्ता लागत नाहीं. पनवेलीस शिकवितांना अशा शेंकडों वह्या मीं तपासल्या. मुलांस दोष देववत नाहीं. घरांत पुस्तकाचें बोलणें जर ‘छान आहे हो’ येथेंच संपत असेल, तर मुलानें अधिक कोठून आणावें?

राजशेखरानें सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं ‘काव्यमीमांसें’त रसिकांचे चार प्रकार सांगितले. कांहींच न रुचणारा तो अरोचकी. गवतासकट सारें गिळणारा तो सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचा गुण सहन न होणारा तो मत्सरी. आणि मर्मापर्यंत जाणारा तो तत्त्वाभिनिवेशी. पहिले तिघे प्रत्येक एकत्र कुटुंबांत सांपडतात, नांवें सांगण्याची गरज नाहीं! चौथा विरळा, त्याला धीर फार लागतो.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरीच घ्या. आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढलें. त्यांत ती क्रमशः आली आणि १८९३ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. ‘विधवांच्या दुःखाची सुधारकी कादंबरी’ एवढें तिच्याविषयीं बहुतेकांस ठाऊक असतें. पण हा झाला विषय. पुस्तक अजून उघडलेंच नाहीं.

उघडतांच पहिला प्रश्न विचारावा, बोलतें आहे कोण? बोलते यमू. माहेर, सासर, मुंबईस पतीबरोबर गेलेले सुखाचे दिवस, वैधव्य, केशवपन हें सर्व ती स्वमुखानें सांगते. बाळपणीं वडिलांचा राग आणि आईचें सोसणें तिला जसें दिसलें तसें ती कित्येक ठिकाणीं सांगून जाते. त्या पोरवयांत तिला जें उमगलें नव्हतें, तें वाचकाच्या काळजाला मात्र जाऊन भिडतें. व्यंजना ती हीच. त्यासाठीं ‘काव्यप्रकाश’ पाठ असावयास नको.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं वडिलांच्या एक वृद्ध आत्या होत्या. नवव्या वर्षीं कपाळ गेलेलें, अंगावर लाल आलवण. रात्रीं जेवणें उरकल्यावर काका ही कादंबरी मोठ्यानें वाचीत. केशवपनाचा प्रसंग आला तेव्हां त्यांनीं हळूच चार पानें उलटलीं. आत्यांच्या तें ध्यानांत आलें. ‘मधलीं पानें राहिलीं रे, वाच,’ त्या म्हणाल्या. काकांनीं तीं वाचलीं. बऱ्याच वेळानें आत्यांनीं विचारलें, ‘हें पुरुषानें लिहिलें म्हणतोस, मग त्याला सांगितलें कोणी?’

कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. ‘करमणूक’ निघालें तेव्हां आपटे अवघे सव्वीस वर्षांचे होते. टीकाकारानें लिहावें तें अशा प्रश्नावर. शेजारीं रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ठेवाव्या आणि ताडून पहावें. खरी स्त्री माणसांत राहून लिहिते. तिला कांहीं गोष्टी ओठांतच ठेवाव्या लागतात. यमूला ती भीड नाहीं, तिचे नातलग कागदावरचेच! पण म्हणून तिचें प्रत्येक वाक्य तिचेंच ठरतें काय? मधूनमधून विवेचन लांबतें, तेथें मला यमू ऐकूं येत नाहीं, आपटेच ऐकूं येतात. कोणास हें मान्य नसेल, तर त्यानें तें पान काढून दाखवावें. वाद तेथूनच सुरू व्हावा.

लिहितांनाहि हाच क्रम धरावा. एकच प्रसंग निवडावा. त्यांत काय सांगितलें, कोणीं सांगितलें, काय राखून ठेविलें हें आपल्या शब्दांत मांडावें आणि पानाचा अंक द्यावा. आवडनिवड त्यानंतर. दिवाळीच्या सुटींत घरोघर हें करून पहावें: रोज एक प्रकरण मोठ्यानें वाचावें, आजीपासून नातीपर्यंत ज्याला जमेल त्यानें दहा ओळी लिहाव्या, आणि ज्याच्या वहींत ‘ओघवती’ हा शब्द निघेल त्यानें दुसऱ्या दिवशींचें प्रकरण वाचावें.