बारा मोठे की एकवीस?

एकवीस ही संख्या बारापेक्षा मोठी आहे, हे पहिलीतले मूलही सांगेल. पण ज्या कॅमेऱ्यावर एकवीस लिहिले आहे तो बारा लिहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलाच असला पाहिजे काय? याच प्रश्नावरून एकदा आमच्या रत्नागिरीत तीन छायाचित्रकारांचा वाद जुंपला होता. तो पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने कसा सुटला, ते आज पाहू.

गोष्ट २००७ सालच्या ऑगस्टमधली. गणपतीला तीन आठवडे उरले होते आणि पाऊस धो धो कोसळत होता. पावसाने अडकलो म्हणून मी ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत शिरलो. तिथे चर्चा चालली होती ती नव्या कॅमेऱ्यांची. २० ऑगस्टला कॅनन कंपनीने ‘ईओएस-१डीएस मार्क ३’ हा व्यावसायिक कॅमेरा जाहीर केला होता. त्यात २१.१ मेगापिक्सेल, म्हणजे सुमारे २ कोटी ११ लाख प्रकाशबिंदू टिपण्याची सोय होती. तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, निकॉन कंपनीने ‘डी ३’ जाहीर केला. त्यात मात्र १२.१ मेगापिक्सेलच!

लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणारा तरुण म्हणाला, “एकवीससमोर बारा? या कंपनीने हार मानलेली दिसते.”

दुसरा गावोगावचे नमन-खेळे आणि शिमग्याच्या पालख्या टिपणारा. तो म्हणाला, “अरे, पुढचा आकडा वाच ना. याची संवेदनक्षमता ६४०० आयएसओपर्यंत आहे. एकवीसवाला १६०० वर थांबतो, फार ताणला तर ३२००. मला रात्रीच्या अंधारात काम करायचे असते!”

स्टुडिओचे मालक काका फिल्मच्या काळातले. ते हसून म्हणाले, “आम्ही ४०० ची फिल्म वेगवान म्हणायचो. ती १६०० पर्यंत ढकलली, की चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसायचे. आकडा छापायला काय लागते? सर, तुम्हीच सांगा. एकाची किंमत ५,००० डॉलर, दुसऱ्याची ८,०००. ही पोरे कर्ज काढून बसतील.”

प्रश्न गंभीर होता. मी अंगणाकडे बोट दाखवले.

अंगणातला पाऊस

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक संवेदक असतो. या दोन्ही कॅमेऱ्यांचे संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढे, म्हणजे सुमारे ३६ मिमी लांब आणि २४ मिमी रुंद होते. संवेदक म्हणजे आपले अंगण समजा. त्यावर बारीक भांडी शेजारी शेजारी मांडली आहेत. प्रत्येक भांडे म्हणजे एक पिक्सेल. भिंगातून येणारा प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांचा पाऊस. फोटॉन पडला, की भांड्यात इलेक्ट्रॉन जमा होतात आणि शेवटी प्रत्येक भांड्यात किती जमले ते मोजले जाते.

आता भागाकार करा. ‘डी ३’ मध्ये ३६ मिमी लांबीत ४,२५६ पिक्सेल होते, म्हणून एकाची रुंदी सुमारे ८.५ मायक्रोमीटर. दुसऱ्यात त्याच लांबीत ५,६१६ पिक्सेल, म्हणून रुंदी ६.४ मायक्रोमीटर. क्षेत्रफळे निघतात अनुक्रमे सुमारे ७१ आणि ४१ चौरस मायक्रोमीटर. म्हणजे बारावाल्याचे प्रत्येक भांडे जवळजवळ पावणेदोन पट मोठे!

मोठ्या भांड्याचा फायदा काय? पावसाचे थेंब मोजून मापून पडत नाहीत. सारख्याच दोन वाट्या शेजारी ठेवल्या तरी एकीत ९३ थेंब पडतील, तर दुसरीत १०८. सरासरी १०० थेंब असतील, तर चढउतार साधारणपणे १०० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १० असतो. हे झाले १० टक्के. सरासरी १०,००० असेल, तर चढउतार १०० चा, म्हणजे केवळ १ टक्का. भर दुपारी मांडवीच्या किनाऱ्यावर प्रकाशाची मुसळधार असते, तेव्हा हा चढउतार जाणवत नाही. पण रात्रीच्या नमनात संकासुराच्या काळ्या झग्यावरून येणारा प्रकाश म्हणजे नुसती रिमझिम. तेथे एकसारखा काळा रंगही ठिपकेदार उमटतो. काकांची वाळू ती हीच!

आयएसओ वाढवले म्हणजे काय?

आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, हे नीट लक्षात ठेवा. मिळालेला क्षीण संकेत तेवढा मोठा करून दाखवला जातो. मग उपयोग काय? समजा, १६०० आयएसओला १/३० सेकंद प्रकाश घ्यावा लागतो. ६४०० ला तेच काम १/१२० सेकंदात उरकते. नाचणाऱ्याचा हात सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरत असेल, तर १/३० सेकंदात तो १० सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात फिस्कटतो. १/१२० सेकंदात तो अडीच सेंटिमीटरच सरकतो. पण या अवधीत फोटॉनही चौथाईच मिळतात आणि चढउताराचे प्रमाण दुप्पट होते. जो संवेदक हे सहन करू शकतो, त्यालाच ६४०० हा आकडा शोभतो.

इथे लग्नवाल्या तरुणाने एक मार्मिक शंका काढली. “सर, अंगण तर दोघांचे सारखेच. मग एकूण पाऊसही सारखाच. मी चार लहान भांड्यांतले पाणी एकत्र ओतले तर?”

शाबास! त्याचे अगदी बरोबर होते. दोन्ही चित्रे एकाच आकारात छापली, तर बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि तफावत बरीच कमी होते. मात्र पूर्ण नाहीशी होत नाही. कारण प्रत्येक भांडे मोजताना मोजणाऱ्या मंडलाची थोडी चूक होते. चार भांडी मोजली, की चार चुका मिसळतात, आणि पाऊस जितका कमी तितकी ती चूक जास्त नडते. म्हणून पिक्सेल किती, याइतकेच महत्त्व अंगण केवढे आणि मोजणी किती अचूक, या गोष्टींना आहे.

मग विकत काय घ्यायचे?

आता उलट बाजू. दर इंचाला ३०० ठिपके या मापाने ४,२५६ पिक्सेलांतून १४ इंच रुंद चित्र निघते, तर ५,६१६ मधून सुमारे साडेअठरा इंच. मोठमोठी जाहिरातचित्रे छापणाऱ्याला एकवीसचा खरा उपयोग होता. पुढे १ डिसेंबर २००८ रोजी निकॉननेच २४.५ मेगापिक्सेलचा ‘डी ३ एक्स’ जाहीर केला. त्याची नेहमीची आयएसओ मर्यादा मात्र १६०० होती. एकाच कंपनीने दोन कामांसाठी दोन कॅमेरे केले, यातच वादाचे उत्तर आहे.

आमच्या नमनवाल्या मित्राने पैसे साठवून बारावाला घेतला. लग्नवाल्याने दोन्हींचा नाद सोडला. त्याचा जुना कॅमेरा अल्बमला पुरेसा होता, म्हणून त्याने चांगले भिंग आणि दिवे घेतले. काकांनी कोकणच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून कोरडे कपाट केले. तिघांचेही बरोबरच होते!

आज हाच प्रश्न तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये आहे. २०२१ साली २०० मेगापिक्सेलचा मोबाइल संवेदक जाहीर झाला. त्याच्या एकेका पिक्सेलची रुंदी अवघी ०.६४ मायक्रोमीटर. उजेड कमी असला, की तो १६ पिक्सेल एकत्र करतो आणि चित्र देतो साडेबारा मेगापिक्सेलचे. पुन्हा बाराच!

करून पाहा

एका मोठ्या कागदावर सारखे १६ चौकोन आखा. ४०० मोहऱ्या मोजून घ्या आणि उंचावरून सगळीकडे सारख्या पडतील अशा भुरभुरवा. बाहेर पडलेल्या पुन्हा कागदावर टाका. प्रत्येक चौकोनातील मोहऱ्या मोजा. सरासरी २५ येईल, आणि चढउतार सुमारे ५ चा, म्हणजे २० टक्के दिसेल. आता चार-चार चौकोनांचे चार गट करून बेरीज घ्या. सरासरी १०० होईल, पण चढउताराचे टक्के निम्म्याच्या आसपास येतील. एका प्रयोगावर विसंबू नका. वर्गातील दहा जणांनी करून आकडे फळ्यावर मांडा. मग दुकानात जाऊन नव्या मोबाइलची जाहिरात वाचा आणि विचारा, “पिक्सेल कळले. पण संवेदक केवढा आहे?”